सत्तरीनंतरचे मल्लिकार्जुन मन्सूर: पुण्यातल्या एका श्रवणसत्राचा रिव्ह्यू

पुण्यात सदाशिव पेठेत काही जुने रसिक मिळून महिन्यातून एकदा रविवारी सकाळी श्रवणसत्र घेतात, लाईव्ह गाणं नाही, फक्त रेकॉर्डिंग्ज, चांगल्या साउंडवर, आणि मधे मधे गप्पा. फी 250 रुपये, त्यात नाश्ता आणि दोनदा चहा. त्यांना ऑनलाइन जाहिरात नकोय, सगळं व्हॉट्सॅपवर आणि तोंडी चालतं, त्यामुळे नाव देत नाही, पण गाण्याच्या वर्तुळात वावरणाऱ्या कोणालाही विचारा, पत्ता मिळेल. यावेळचा विषय होता हिंदुस्थानी शास्त्रीय गायक मल्लिकार्जुन मन्सूर, आणि तेसुद्धा मुख्यतः उतारवयातले. मी एवढं वाचूनच नाव नोंदवलं.

आधीच सांगून टाकते, पैसे वसूल आहेत आणि परत जाणार आहे. पण काही तक्रारीही आहेत, त्या खाली येतीलच.

विषय निवडला तोच मला फार आवडला. आपल्याकडे म्हाताऱ्या गायकाचं गाणं ऐकताना लोक एक सवलत देऊन ऐकतात, म्हणजे "बघा ना, एवढं वय झालंय तरी", अशी मान डोलावणारी दाद असते ती, आणि मला ती कधीच पटलेली नाही. त्यात कौतुक वयाचं होतं, गाणं बाजूलाच राहतं. मन्सूरांच्या बाबतीत तर हे अजिबातच चालत नाही कारण आपल्याला जे मन्सूर माहितीयेत ते मुळात उतारवयातलेच आहेत! जन्म 31 डिसेंबर 1910 चा, धारवाडजवळच्या मन्सूर गावचा. पद्मश्री मिळाली 1970 मधे, म्हणजे साठीच्या उंबऱ्यावर. पद्मभूषण 1976, कालिदास सन्मान 1981, आणि पद्मविभूषण 1992 मधे, त्याच वर्षी 12 सप्टेंबरला ते गेले. देशभर मोठं नाव झालं ते बरंचसं साठीनंतर, लोकांच्या कपाटात आणि आता यूट्यूबवर जी लांबलचक रेकॉर्डिंग्ज आहेत ती बहुतेक त्याच काळातली. तेव्हा "तरुणपणी कसे गात असतील" अशी हळहळ करायला जागाच नाही, जे उरलंय तेच त्यांचं पिकलेलं गाणं आहे.

सत्र चालवणारे काका सत्तरीचे असतील, त्यांनी सुरुवात मात्र उलट्या टोकाने केली आणि ती युक्ती भारी होती. पहिल्यांदा लावली 1930 च्या दशकातली एक 78 आरपीएमची तबकडी. जेमतेम तीन मिनिटं. आवाज टोकदार, चपळ, ताना अशा सुटतात की विचारू नका, आणि घाई आहे, तबकडी संपायच्या आत सगळं सांगायचंय अशी घाई. ती घाई तबकडीची पण आहे म्हणा, त्या काळी सगळ्यांनाच तेवढ्या वेळात राग बसवायला लागायचा. यात त्यांची मिरजेची तालीमही ऐकू येते असं काका म्हणाले, नीळकंठबुवांकडे ग्वाल्हेर घराण्याचं शिक्षण झालं होतं आधी, त्याच्याही आधी लहानपणी नाटक कंपनीत काम, तिथे कर्नाटकी संगीताची ओळख. मग मुंबईत मंजी खाँसाहेब, जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव, आणि ते 1937 मधे अकाली गेल्यावर त्यांचे भाऊ भुर्जी खाँसाहेब. हे सगळं काकांनी पाच मिनिटांत आटपलं, जीवनचरित्राचं व्याख्यान केलं नाही याबद्दल त्यांचे आभार.

आणि मग लगेच, मधे एक शब्द न बोलता, सत्तरीनंतरचा शिवमत भैरव हा राग लावला.

हा फरक एकापाठोपाठ ऐकला ना की अंगावर येतो. आवाजाचा पोत बदललाय, थोडा खरखरीत, कोरडा, वरच्या षड्जाला एका ठिकाणी जोर लावावा लागलेला कळतो. पण घाई गेलीये. आलापीचा मोठा फुलोरा नाही, थेट बंदिशीवर येतात, मधल्याशा विलंबित तीनतालात, किराणा घराण्याच्या अतिविलंबितासारखं पसरट नाही, आणि पहिल्या दोन आवर्तनांत राग समोर उभा. भैरवच वाटतोय वाटतोय म्हणेपर्यंत कोमल गंधार कुठूनतरी येऊन जातो, मग कोमल निषाद, आणि परत भैरवाचा तो डोलणारा रिषभ. दाखवून देत नाहीत, "बघा आता मी गंमत करतो" असं नाही, बोलता बोलता एखादी गोष्ट सांगून पुढे जावं तसं. आणि सम! समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कुठून येतील याचा अंदाज मला एकदाही नीट बांधता आला नाही. शेवटच्या दोन मात्रा उरल्यात आणि हे अजून वर कुठेतरी आहेत, आता कसं जमणार, आणि बरोब्बर येऊन टेकतात. हॉलमधे चाळीस-पन्नास माणसं होती, दर समेला एकत्र "आहा" निघत होता, रेकॉर्डिंगमधल्या श्रोत्यांचा आणि आमचा मिळून.

इथे पहिली चर्चा झाली आणि ती खरंच ऐकण्यासारखी होती. एक ईएनटी डॉक्टर बाई आल्या होत्या, त्या स्वतः गाणं शिकतात, त्यांनी वय झाल्यावर गळ्यात नक्की काय होतं ते सोप्या भाषेत सांगितलं. स्वरतंतूंमधला स्नायू बारीक होतो, लवचिकपणा कमी होतो, त्यामुळे तंतू नीट मिटत नाहीत आणि आवाजात हवा मिसळते. स्वरयंत्राच्या कूर्चा हळूहळू हाडासारख्या कडक व्हायला लागतात. फुप्फुसांची ताकद कमी, बरगड्यांचा पिंजरा ताठर, म्हणजे दमसास कमी. आणि गंमत म्हणजे पुरुषांचा आवाज म्हातारपणी थोडा चढतो आणि बायकांचा उतरतो, हे मला माहीतच नव्हतं. मुद्दा त्यांचा असा की गायकालाही हे सगळं चुकत नाही, रियाजाने लांबवता येतं पण चुकवता येत नाही, तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की उरलेल्या गळ्याचं तो काय करतो.

आता जयपूर-अत्रौली गायकी म्हणजे दमसासाची गायकी हे सगळ्यांना माहितीये. लांब लांब पल्ल्याचा आकार, एकात एक गुंतलेले स्वर, न तुटणारी वीण. म्हातारपणाने नेमका घाव घालावा तो इथेच. म्हणून मग आम्ही तोच तुकडा परत ऐकला, यावेळी फक्त श्वासाकडे लक्ष देऊन, आणि हा माझ्यासाठी अख्ख्या सकाळचा सगळ्यात मोलाचा भाग होता. मन्सूरबुवा श्वास घेतात, भरपूर वेळा घेतात, पण कुठे? जिथे वाक्य संपतं तिथे नाही. वाक्याच्या आत, एखाद्या स्वरावर किंचित टेकून, तबल्याच्या ठेक्याच्या आडोशाला, श्वास चोरून, आणि पुढचा स्वर अशा उंचीवरून उचलतात की आपल्या कानाला धागा अखंडच वाटतो. तरुणपणी जे छातीच्या जोरावर व्हायचं ते आता आखणीवर होतंय. पाठीमागे मुलगा राजशेखर मन्सूरांची साथ असली की त्यांना उसंत मिळते हे खरंय (धारवाडला कर्नाटक विद्यापीठात ते इंग्रजीचे प्राध्यापक होते, 2022 मधे गेले), पण नीट ऐका, अवघड जागा मुलावर टाकून वडील मोकळे झालेत असं होत नाही. अवघड जागा स्वतःच घेतात, मुलगा मागची भिंत धरून ठेवतो.

मला वाटतं वय झालेल्या गायकाचं गाणं ऐकायचं ते असं. काय उरलंय याची मोजदाद करत बसण्यापेक्षा काय निवडलंय ते ऐकायचं. पंचविशीचा गायक जमतं म्हणून दहा गोष्टी करतो. पंचाहत्तरीच्या माणसाला दहा जमत नाहीत, चार जमतात, आणि त्या चार कुठल्या ठेवायच्या हे ठरवण्यात त्याची सगळी हयात उतरते. मन्सूरांनी काय ठेवलं तर लय, रागाचं अंतरंग आणि समेची ओढ. काय सोडलं तर सजावट. आवाज गोड करून दाखवायचा प्रयत्न तर कुठेच नाही.

अर्थात हॉलमधे सगळ्यांना हे पटलं असं नाही. चहाच्या वेळी किशोरीताईंचा (गायिका किशोरी आमोणकर) विषय निघाला आणि मग काय, अर्धा तास गेला. बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ आहेत, नेहमी पुढच्या रांगेत बसतात, त्यांचं म्हणणं की ताईंच्या शेवटच्या वर्षांतली मोबाईलवर घेतलेली रेकॉर्डिंग्ज फिरतात ती फिरू नयेत, ज्यांनी त्यांचा भूप राग ऐकलाय भरात असतानाचा त्यांना त्रास होतो. त्यावर एक मुलगी, विशीतली, म्हणाली, "काका, पण मी त्यांना ऐकलं तेच मुळी शेवटच्या वर्षांत, मला तर त्याच्यामुळेच गाणं शिकावंसं वाटलं." यावर ते गृहस्थ गप्प झाले. मला दोघांचंही समजतं. ताई 3 एप्रिल 2017 ला गेल्या आणि त्याच्या आठवडाभरच आधी दिल्लीत गाऊन आल्या होत्या, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. शेवटच्या काळात आवाज जड झाला होता, सूर लागायला वेळ लागायचा, कधी कधी पहिली पंधरा-वीस मिनिटं नुसता शोधच चालायचा. पण तो शोध ऐकायला बसणारे होतेच की. त्यांचं गाणं आधीपासूनच एका स्वराभोवती फिरून फिरून त्याच्या आत शिरण्याचं होतं, म्हातारपणी ते फिरणं लांबलं आणि उघडं झालं. त्यांच्याकडे मन्सूरांसारखी लयीची काठी नव्हती टेकायला, किंवा त्यांनी ती मुद्दाम बाजूला ठेवली होती, आणि निव्वळ स्वरावर उभं राहायचं ठरवल्यावर गळा थकला की लपायला जागा उरत नाही. दोघंही जयपूर घराण्याचेच, पण वयाशी केलेला करार अगदी वेगळा. माझं मत विचाराल तर ती रेकॉर्डिंग्ज राहू द्यावीत. फक्त मोबाईलवर, फाटक्या आवाजात, दोन मिनिटांचा तुकडा कापून कोणी पाठवला तर तो ऐकून मत बनवू नये, कारण त्या गाण्यात दोन मिनिटांत काहीच घडत नाही, घडायला तासभर द्यावा लागतो.

भीमसेनजींचा (भीमसेन जोशी) उल्लेख निघणं पुण्यात अटळच. 1999 मधे मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, नंतर मणक्याचं दुखणं, आणि तरी डिसेंबर 2007 ला पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांनी 1953 मधे स्वतःच सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या स्वरमंचावर ते गायले. आमच्या हॉलमधे त्या मैफलीला हजर असलेले तीन-चार जण निघाले आणि प्रत्येकाने सांगितलेली गोष्ट एकच, की पहिला षड्ज लागला आणि मंडप शांत झाला. यावर डॉक्टर बाई म्हणाल्या ते मला लक्षात राहिलं, की लोक रडले त्यात आठवणींचा वाटा मोठा असणार आणि त्यात चूक काही नाही, पण त्या आठवणी काढून घेऊन एखाद्या परक्या माणसाला ते गाणं ऐकवलं तर त्याला काय ऐकू येईल हाही प्रश्न विचारून बघायला हवा. अवघड प्रश्न आहे. मन्सूरांच्या शिवमत भैरवाला मी हा प्रश्न विचारून पाहिला मनातल्या मनात, आणि माझं उत्तर असं आलं की परक्यालाही ऐकू येईल.

दुसऱ्या भागात खट राग लावला, सहा-सात रागांची सरमिसळ मानतात तो, आणि मग शेवटी वेळेचा नियम थोडा वाकवून संपूर्ण मालकंस. मालकंस रात्रीचा राग, तो सकाळी अकरा वाजता म्हटल्यावर दोन-तीन ज्येष्ठांनी नापसंती दाखवली, काकांनी सरळ सांगितलं की हा ऐकवल्याशिवाय विषय पुरा होत नाही. बरोबरच होतं त्यांचं. नेहमीच्या मालकंसात रिषभ-पंचम नसतात, यात ते येतात आणि तरी मालकंसाचं गांभीर्य हलू द्यायचं नाही ही खरी कसोटी. पंचमाचा मोह पडतो हो गायकाला, एकदा मिळाला की रेंगाळावंसं वाटतं. बुवा रेंगाळत नाहीत. शेवटी एक कन्नड वचनही (भक्तिरचना) ऐकवलं, संत कवयित्री अक्कमहादेवीचं, आणि भाषा न कळूनही हॉल स्तब्ध होता, त्यातल्या आवाजाची आर्तता ख्यालातल्यापेक्षा वेगळी आहे, तिथे बुवा शब्दासाठी थांबतात.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी, खट पंधराएक मिनिटांवर फेड आउट केला. का? वेळ कमी पडत होता म्हणे. मग चर्चा कमी करा ना! जयपूरची गायकी मधेच तोडली की तिच्यातलं जे हळूहळू चढत जाणं आहे तेच मरतं, सुरुवातीला साधा वाटलेला आकार पुढे लयीत बांधला जाऊन तानेत कधी मिसळतो ते कळण्यासाठी तर पूर्ण ऐकायचं. ज्या सत्राचा विषयच पिकत जाणं हा आहे तिथे पूर्ण रेकॉर्डिंग न ऐकवणं मला फार खटकलं. मी काकांना हे तोंडावर सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

दुसरी, हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. येणाऱ्यांत निम्मे लोक पासष्टीच्या पुढचे. एक आजी काठी घेऊन, प्रत्येक जिन्यावर थांबत थांबत आल्या, मन्सूरांना त्यांनी धारवाडला प्रत्यक्ष ऐकलंय, अशा माणसांसाठी तळमजल्याची जागा बघायलाच हवी. खुर्च्या प्लास्टिकच्या, तीन तासांनी पाठ बोलते. पुढे सतरंजी आहे, गुडघे साथ देत असतील तर तिथेच बसा, साउंडही तिथे जास्त चांगला येतो.

साउंडबद्दल मात्र पैकीच्या पैकी. दोन मोठे फ्लोअर स्पीकर, जुना पण नीट राखलेला अॅम्प्लिफायर, आणि व्हॉल्यूम बैठकीत समोर बसल्यावर येईल तेवढाच. टेपची खरखर साफ करायच्या नादात आवाजाचा कोरडेपणाही पुसला जातो हे त्यांना माहितीये, त्यामुळे खरखर तशीच ठेवली होती, आणि तो कोरडेपणाच तर ऐकायचा होता. तानपुरे स्पष्ट ऐकू येत होते. घरी ब्लूटूथ स्पीकरवर हेच रेकॉर्डिंग मी अनेकदा ऐकलंय, तिथे तानपुरे नुसते भिंतीमागच्या गुणगुणीसारखे, आणि मग बुवांचा स्वर त्यांच्यावर कसा बसतो हेच कळत नाही.

एक छापील कागद देतात, त्यावर रागांची नावं, ताल आणि थोडक्यात माहिती. रेकॉर्डिंगचं वर्ष जिथे नक्की नाही तिथे "साधारण" असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, हे मला आवडलं. रागाचे आरोह-अवरोह मात्र द्यायला हवे होते, नवीन लोकांना शिवमत भैरव आणि नुसता भैरव यातला फरक नुसत्या ऐकण्यावरून पकडणं अवघड आहे. ती विशीतली मुलगी शेजारच्यांना सारखी विचारत होती बिचारी, आणि शेजारचे सांगतही होते, पण कागदावर दोन ओळी वाढल्या असत्या तर काय बिघडलं असतं.

नाश्त्याला उपमा होता, ठीक. चहा उत्तम, आल्याचा, कपभर मिळतो, घोटभर नाही.

कोणी जावं? गाणं शिकणाऱ्यांनी तर जावंच, विशेषतः ज्यांचे गुरू आता सत्तरी-ऐंशीत आहेत त्यांनी. वर्गात गुरुजींचा आवाज थरथरतो म्हणून मुलं यूट्यूबवरच्या तरुण गायकाची तान गिरवतात असं मी स्वतः बघितलंय, त्या मुलांना या हॉलमधे आणून श्वासाचा तो तुकडा ऐकवला पाहिजे. ज्यांना एकामागे एक गाणी ऐकून मोकळं व्हायचंय, गप्पा नको आहेत, त्यांना कंटाळा येईल, चर्चा भरपूर असते आणि कधी कधी भरकटते. लहान मुलांना नेऊ नका, तीन तास फार होतात.

पुढचं सत्र गंगूबाई हनगल यांच्यावर घ्यायचं चाललंय असं काका म्हणाले. तो विषय म्हणजे आणखी वेगळंच प्रकरण, कारण त्यांचा आवाज तरुणपणीच घशाच्या ऑपरेशननंतर खाली उतरला आणि तोच त्यांनी आयुष्यभर वापरला, 2009 मधे शहाण्णवाव्या वर्षी गेल्या तोवर, म्हणजे बाकीच्यांना जे म्हातारपणी करावं लागलं ते त्यांनी तिशीच्या आसपासच करून ठेवलं होतं. मी नाव नोंदवून आलेय. रेकॉर्डिंग पूर्ण ऐकवणार का हे आधी विचारून घेतलं, हो म्हणालेत. पैसे रोख द्यावे लागतात, यूपीआय नाही, आणि साडेआठ म्हणजे साडेआठलाच दार लावतात, तेव्हा पार्किंग शोधायला वेळ हातात ठेवून निघा.